पहाटेची हार

ताकुआरेम्बोहून ट्रकमधून रात्रभर उभ्याने आली ती.
उतरली, आणि पहिलं काम काय केलं तर
माझ्या खिशातला पाव खाल्ला, खिशासकट.
दीड वर्षाचं शिंगरू, राखेचा रंग,
पुढचा डावा गुडघा किंचित आत वळलेला.
डॉक्टर म्हणाला, या पायावर पैसे लावू नका.
कुणी लावलेही नाहीत.
सेनिसा हे नाव ठेवावं लागलं नाही,
राखेला दुसरं काय म्हणणार.

पहिली शर्यत मार्चमध्ये, हजार मीटर, नऊ जणी.
भाव एकास बेचाळीस.
सिल्वेरा जॉकी नाइलाजाने बसला,
त्याची ठरलेली घोडी आदल्या रात्री लंगडली म्हणून.
फाटक उघडलं तेव्हा आमची ही मागे वळून काहीतरी बघत होती.
शेवटची सुटली.
पहिली आली.
सिल्वेरा उतरला, चाबूक माझ्या हातात दिला,
म्हणाला, "बेन्तांकोर, हा आणलाय हेच विसरलो रे."

दुसऱ्यांदा फक्त मानेच्या अंतराने.
तिसऱ्यांदा खोगीर सरकलं, रिकिबीतून पाय निसटला,
तरी तिने त्याला सांभाळून घरी आणलं,
दारू प्यायलेल्या भावाला बहीण आणते तसं.
चौथ्यांदा, जूनमध्ये, पाम्पेरो असा सुटला होता
की बायकांच्या टोप्या उडून धावपट्टीवर पडल्या.
ती निघून गेली होती.
सहा लांबी मागून बाकीच्या आल्या
टोप्या तुडवत.

त्या रात्री रेडिओवाल्याने तो शब्द काढला: अपराजित.
सकाळी पेपरात, दुपारी खाटकाच्या दुकानात,
आणि संध्याकाळी माझ्या बायकोच्या तोंडी,
शेजारणीकडे साखर उसनी मागताना.
चार शर्यती फक्त.
पण नेलिदाबाई आता अत्तर न लावता पागेत येतात,
घोडीला शिंक येईल म्हणून.
मी तिच्या दावणीपाशीच झोपतो.
पायांना पट्ट्या गुंडाळताना माझी बोटं
दुसऱ्याचं अंडं उचलावं तशी चालतात.

रेडिओला माहीत नसलेली एक गोष्ट आहे.

रोज पहाटे, नदीवरचं धुकं आत सरकतं तेव्हा
युकॅलिप्टसच्या रांगेमागे तिला पळवायला नेतो.
सोबतीला कॉम्पाद्रे.
चौदा वर्षांचा, उजव्या डोळ्याने आंधळा,
सदतीस शर्यती धावला, एक जिंकला,
आणि तीही पंचांनी रद्द केली.
त्याच्यावर मी, तिच्यावर पोरगा आमारो.
शेवटच्या दोनशे मीटरला आमारो लगाम सैल सोडतो.
ती म्हाताऱ्याला मागे टाकत नाही.
त्याच्या आंधळ्या बाजूने, तंगापाशी मान ठेवून,
बरोबर तेवढीच मागे राहते.
तो धापा टाकत, शेपटी उचलून,
आयुष्यात कुणी दिला नाही तो मान घेत पुढे.

हरते. रोज.
एकशे अकरा पहाटा मोजल्यात मी.
घड्याळ खिशातून काढत नाही.

सात वर्षं मीही जॉकी होतो,
हरण्यातलं थोडंफार मला कळतं.
हे कुठल्या जातीचं हरणं, ते कळत नाही.
तिला तो दमलेला दिसतो का?
की त्याच्या बरगड्यांची ऊब हवी असते फक्त?
खरारा करताना तिला विचारतो कधीकधी.
ती माझी टोपी चावते.

परवा हिशेबनीस आला, वही घेऊन.
म्हाताऱ्याचा चारा कशाला, म्हणाला,
शनिवारी गाडी येईल.
रविवारी तिची पाचवी शर्यत.
मी बादली खाली ठेवली.
म्हटलं, न्या. पण हा गेला तर ती दाण्याला तोंड लावणार नाही.
मग तुमचा तो शब्द, तो पेपरातला,
त्याचं काय ते तुम्ही बघा.

खरं की खोटं, देव जाणे.
त्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे,
आणि वहीतली एक ओळ खोडली.

तेवढ्यात मागून तिने
माझा दुसरा खिसा शोधून काढला.